सहाव्या मजल्यावरचा जखमी

आगीत अडकलेल्या माणसाला शोधून बाहेर काढणं यापेक्षा थोर काम मनुष्यजातीला अजून सुचलेलं नाही, असं साहेबांचं ठाम मत होतं. शाळांमध्ये, कारखान्यांमध्ये, बायकांच्या मंडळांमध्ये आणि एकदा तर चुकून दुसऱ्याच कुणाच्या तरी निरोपसमारंभात, हात पाठीमागे बांधून, ते हे मत मांडत आले होते. फक्त ज्याला बाहेर काढायचं तो माणूस तोवर कुठे आणि कसा पडलेला असतो, त्याच्या नाकासमोर काय असतं, याचा विचार त्यांनी कधी केला नव्हता. आत्ता त्यांच्या नाकासमोर टेबलाचा पाय होता. पायाला रबरी टोपी होती आणि टोपीभोवती धुळीची एक झालर जमलेली होती. टोपीला टेकून एक टाचणी पडली होती, आणि ती आपल्या डोळ्यात जाणार की नाही याचा साहेब गेला बराच वेळ अंदाज घेत होते. ते एका कुशीवर होते. खालचा हात बधिर झाला होता. अग्निशमन दलाच्या त्या केंद्राचे प्रमुख, निवृत्तीला जेमतेम महिना उरलेले, विमा कंपनीच्या सहाव्या मजल्यावर, स्टेशनरीच्या खोलीत, टेबलाखाली बेशुद्ध पडले होते. म्हणजे आजच्या कवायतीपुरते बेशुद्ध. आणि नेमक्या अशा वेळी समोरच्या खोलीतून, पांढऱ्या धुरापलीकडून, त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या माणसाचा खणखणीत आवाज आला, "सापडला!"

साहेबांना फार आनंद झाला. छाती भरून आली. सापडला, म्हणजे पोरं विसरली नाहीत. मग त्यांनी स्वतःकडे पाहिलं. ते टेबलाखालीच होते.

खरं म्हणजे इथे साहेबांनी नाही, मामाने असायला हवं होतं. मामा म्हणजे कवायतीचा पुतळा: आत वाळू, वर जाड कॅनव्हास, अंगात जुना गणवेश, आणि चेहऱ्याच्या जागी काहीच नाही. वजन बरोबर साहेबांएवढं. हा योगायोग कुणी मुद्दाम जुळवून आणलेला नव्हता, पण केंद्रातल्या एकाही माणसाने तो विसरू दिला नव्हता. मामाला आजवर सगळ्या मजल्यांवरून, खिडक्यांतून आणि एकदा पाण्याच्या टाकीतून वाचवण्यात आलं होतं. गेल्या आठवड्यात जिन्यावरून वाचवताना त्याचा उजवा हात खांद्यापासून निघाला आणि वाळूची धार तळमजल्यापर्यंत लागली. हात आणि मामा दोघेही ताडपत्र्या शिवणाऱ्या शिंप्याकडे गेले. इकडे कवायतीचा दिवस ठरलेला होता, विमा कंपनीच्या मॅनेजरने भाषण पाठ केलेलं होतं, धुराचे डबे आलेले होते. तेव्हा साहेबांनी सगळ्यांना रांगेत उभं करून सांगितलं होतं, "यंदा पुतळा नाही. खरा माणूस असेल. एकच जखमी, पुरुष. कोण, कुठे, काही विचारायचं नाही." कुणी काही विचारलं नाही. साहेब स्वतः नेहमीसारखे कुठूनतरी बघत असणार, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं.

आणि ते धरण्यासारखंच होतं. प्रत्येक कवायतीत साहेब आधी गायब होत आणि माणसं चुकली की नेमके उगवत. खांबामागून, गच्चीवरून, एकदा रुग्णवाहिकेतल्या स्ट्रेचरवरच्या चादरीखालून. हे इतकी वर्षं चाललं होतं की आता साहेब नसलेल्या ठिकाणीही माणसं पोट आत घेऊन वावरत. नवीन आलेल्या एकाने तर अंधारात, कोट अडकवलेल्या खुंटीला सलाम ठोकला होता. साहेबांना ही गोष्ट कळली तेव्हा त्यांनी वरवर दटावलं होतं आणि आतून त्यांना गुदगुल्या झाल्या होत्या. आपण नसतानाही असतो, हे थोडक्याच माणसांना साधतं, असं त्यांना वाटलं होतं. आत्ता टेबलाखाली त्यांना पहिल्यांदाच जाणवलं, की जो माणूस नसतानाही असतो, तो कुठे आहे हे शोधायला कुणी निघत नाही.

समोरच्या खोलीत झटापट चालली होती. एक अनोळखी, झोपाळलेला, संतापलेला आवाज येत होता.

"अहो सोडा! मी झोपलो होतो फक्त!"

"झोपा की काका. तुम्ही झोपाच. पाय धर रे."

"मी जखमी नाहीये! मी जावक कारकून आहे!"

"सगळे असंच म्हणतात," हा उंटाचा आवाज. उंट म्हणजे केंद्रातला सर्वांत लांब मानेचा आणि सर्वांत भरवशाचा माणूस. आजच्या तुकडीचा म्होरक्या म्हणून साहेबांनी त्यालाच नेमलं होतं, कारण आपल्यामागे केंद्रातलं शिकवणं त्याच्याकडे जावं अशी त्यांची इच्छा होती.

"माझी चप्पल! एक चप्पल राहिली तिकडे!"

"आगीत चपला शोधायच्या नसतात, काका. हं, उचला."

साहेब ऐकत राहिले. यातलं वाक्यन् वाक्य त्यांचं होतं. जखमी काय बोलतो ते ऐकायचं नाही, हे त्यांनीच वर्षानुवर्षं घोकून घेतलं होतं. धुरात माणूस काहीही बोलतो. घर पेटलेलं असताना कुलूप लावून घेते म्हणणारी बाई त्यांनी खांद्यावरून उतरवली होती. बनियनवर बाहेर यायला तयार नसलेले एक गृहस्थ होते. त्यांना शर्ट हवा होता, आणि तोही तो नव्हे, निळा. एका लग्नाच्या हॉलमध्ये नवऱ्यामुलाने मला आधी काढू नका, सासरे आत आहेत, असं म्हटलं होतं, आणि त्याच्या आवाजात सासऱ्यांविषयी नेमकं काय होतं ते साहेबांना आजवर उलगडलं नव्हतं. पण तो म्हातारा मात्र पक्का लक्षात राहिला होता. साहेब तेव्हा अगदी कोवळे होते. गोदामाच्या माळ्यावर, डोळ्यांपुढे धरलेला हात दिसत नाही अशा धुरात, भिंत चाचपत चाचपत जाताना दाराआड त्यांच्या हाताला एक गुडघा लागला होता. आयुष्यात पहिल्यांदा एक जिवंत माणूस सापडला होता. त्याला पाठीवर घेऊन खाली आणलं, मोकळ्यावर ठेवलं, तोंडावर पाणी मारलं, आणि तो आता आपले हात हातात घेईल, रडेल, आशीर्वाद देईल म्हणून साहेब खाली वाकले. म्हाताऱ्याने डोळे उघडले आणि म्हणाला, "एवढा वेळ काय करत होतास?" साहेबांच्या मनाला ते फार लागलं. लग्नात, बढतीत, पोरीच्या बारशात, कुठल्याही सुखाच्या क्षणी ते वाक्य मध्येच येऊन बसायचं. वाचवणाऱ्याशी कुणी असं बोलतं का? त्यांना त्याचं उत्तर कधी सापडलं नव्हतं. आत्ता, बधिर हातावरून टेबलाच्या पायाकडे बघताना, म्हातारा तसा काही चुकीचं बोलला नव्हता, असं त्यांना पहिल्यांदा वाटलं.

बुटांचे आवाज जिन्याकडे गेले. साहेबांनी तोंड उघडलं. ओरडलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. "अरे, मी इथे आहे," एवढंच म्हणायचं होतं. पण बेशुद्ध माणूस ओरडत नाही, हाही नियम त्यांचाच. स्वतःच्या पायाने चालत येतो तो जखमी नव्हे, तो प्रेक्षक, असं ते दरवर्षी म्हणत आणि दरवर्षी माणसं हसत. शिवाय ते ओरडले असते तर उंट नापास झाला असता. आणि उंट नापास म्हणजे शिकवणारा नापास. साहेबांनी तोंड मिटलं. टाचणी होती तिथेच होती. खाली लांब शिट्टी वाजली. मजला रिकामा, अशी ती शिट्टी होती.

या सगळ्याच्या मुळाशी साहेबांचा डावा हात होता. धुरात डोळे कामाचे नसतात. डावा हात भिंतीला लावायचा, तो काढायचा नाही, गुडघ्यांवर सरपटत जायचं, उजव्या पायाने खोलीचा मधला भाग चाचपायचा, आणि भिंत नेईल तसं एकेक खोली करत मजला पुरा करायचा. असं केलं तर माणूस हरवत नाही आणि एकही कोपरा सुटत नाही. ही पद्धत काही साहेबांनी शोधली नव्हती. पण त्यांनी ती इतक्या माणसांच्या हाडीमाशी भिनवली होती की आता ती त्यांचीच झाली होती. त्यांच्या हाताखालून गेलेली माणसं म्हणे समारंभातसुद्धा भिंतीला धरून जेवणाच्या टेबलापर्यंत जात. घरी साहेब रात्रीबेरात्री पाणी प्यायला उठत तेही याच पद्धतीने, आणि म्हणून त्यांच्या घरात बेडरूमपासून स्वयंपाकघरापर्यंत, डाव्या भिंतीवर, कमरेच्या उंचीला एक मळकट पट्टा उमटलेला होता. पाहुणे येणार असले की बायको तो ओल्या फडक्याने पुसायची, आणि पुसताना तिचा जो चेहरा व्हायचा तो साहेब वर्तमानपत्राआडून पाहायचे.

मजल्याचा नकाशा साहेबांनी पंधरवड्यापूर्वीच पाहून ठेवला होता. जिन्यातून वर आलं की डावीकडे पहिली जुन्या फायलींची खोली. तिथून भिंतीभिंतीने सगळा मजला फिरून आलं की अगदी शेवटी, जिन्याच्या उजव्या हाताला, ही स्टेशनरीची खोली. म्हणजे फायलींच्या खोलीच्या बरोबर समोर, चार पावलांवर, पण पद्धतीप्रमाणे सगळ्यात शेवटी. आणि त्यातही ते टेबलाखाली, कोपऱ्यात. कामात काडीचाही आळस केला तर सापडणार नाही, आणि काडीचाही आळस केला नाही तर सापडल्याशिवाय राहणार नाही, अशी जागा. परीक्षा कडक हवी. निरोपाची कवायत आहे, मागे चर्चा व्हायला हवी. भिंतीने आलेला हात शेवटी आपल्या खांद्यावर पडेल, उंट मान खाली घालून टेबलाखाली पाहील आणि म्हणेल, "अरे, हे तर साहेब!" हा क्षण त्यांनी सकाळपासून मनातल्या मनात इतक्यांदा पाहिला होता की आता तो होऊन गेल्यासारखा वाटत होता. फक्त पद्धतीत आणखी एक कलम होतं, तेही त्यांचंच: जखमी सापडला की पुढे रेंगाळायचं नाही, त्याला घेऊन बाहेर पडायचं. आणि पहिल्याच खोलीत, फायलींच्या बाकड्यावर, डबा खाऊन, तोंडावर रुमाल टाकून, जावक कारकून झोपलेला होता. धुरात नाकावर रुमाल ठेवावा, हेही साहेबांनीच या इमारतीत येऊन शिकवलेलं होतं.

हे सगळं एकामागून एक जुळत गेलं तसं त्यांना हसू आलं. टेबलाखाली हसता येत नाही, कुशीत कळ येते, हे त्यांना कळलं. आणि हसू ओसरल्यावर त्याच्या खाली जे होतं ते उघडं पडलं. ते सकाळचं होतं. सकाळी बायको पोळपाटावरून मान न उचलता म्हणाली होती, "अहो, एक विचारू? तुम्ही रिटायर झाल्यावर कुठे बसणार?" कुठे म्हणजे? घरात. "ते कळलं हो. पण घरात कुठे? तुमची खुर्ची आहे तिथे मला कपाट सरकवायचंय." साहेब म्हणाले होते, सरकव की. त्यावर ती अगदी सहज, चिमूटभर पीठ भुरभुरावं तसं म्हणाली होती, "तुम्ही घरात आहात हे मला तुमच्या आंघोळीनंतरच्या ओल्या पावलांवरून कळतं बघा. एरवी तुमचा पत्ताच नसतो." यात भांडण नव्हतं. भांडण असतं तर बरं झालं असतं. भांडणाला उत्तर देता येतं. साहेब बूट चढवून बाहेर पडले. तोवर आज जखमी कुणाला करायचं ते ठरलेलं नव्हतं, आणि केंद्रात पोचेपर्यंत ते ठरलं होतं. गुप्ततेसाठी, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. ते त्यांना तेव्हा पटलंही होतं.

धूर विरळ झाला. खिडकीची चौकट दिसू लागली, मग कागदाची रिमं, मग शाईचे डबे, मग भिंतीवरचं कॅलेंडर, जे गेल्या वर्षीचं होतं. खालून टाळ्या आल्या. पाठोपाठ मायक्रोफोनची शिटी आणि मॅनेजरचा आवाज. शब्द कळत नव्हते, पण "अमूल्य" हा शब्द परत परत वर येत होता. मग कपबशांचा आवाज. चहा चालला होता. साहेबांच्या डोळ्यांपुढे चहा आला, त्याची वाफ आली, सोबतचं बिस्किट आलं. आता कुणीतरी विचारेल, त्यांनी मनाशी म्हटलं. साहेब कुठायत, असं कुणीतरी म्हणेलच. मग दुसरा म्हणेल, असतील कुठेतरी, बघत असतील. आणि तिसरा नीट उभा राहील. साहेबांना तो तिसरा स्पष्ट दिसला: हातातली बशी सरळ धरून, इमारतीच्या प्रत्येक खिडकीकडे आदराने बघणारा. कदाचित याही खिडकीकडे. उठून खिडकीत उभं राहिलं असतं तर नजरानजर झाली असती. पण आता उठणं म्हणजे काय, हे त्यांना पुरतं समजून चुकलं होतं. इतकी वर्षं त्यांनी एकाच गोष्टीवर भिस्त ठेवली होती, की माणूस कुठेही पडलेला असू दे, पद्धतीने शोधलं तर तो सापडतोच. उठायचं म्हणजे ती सोडून द्यायची. म्हणजे घरी जाऊन कपाटाशेजारी जिथे जागा मिळेल तिथे मुकाट्याने बसायचं. आणखी थोडं थांबू, ते स्वतःला म्हणाले. माणसं चहा संपवतील आणि येतील.

कुणीतरी आलंच. बादलीची कडी वाजली, दार भिंतीवर आपटलं, आणि ओल्या फडक्याचा सपसप आवाज कोपऱ्या-कोपऱ्याने जवळ येऊ लागला. साहेबांनी डोळे मिटून घेतले. आवाज थांबला.

"साहेब, जरा पाय उचला."

साहेबांनी डोळे उघडले नाहीत.

"अहो साहेब, पाय. तिकडे पुसायचंय."

"मावशी," साहेब डोळे मिटूनच म्हणाले, "मी बेशुद्ध आहे."

"बरं," मावशी म्हणाल्या. "पण पाय उचला."

साहेबांनी पाय उचलले. फडकं पायांखालून गेलं आणि परत आलं. फिनेलचा वास नाकात गेला आणि त्यांना शिंक आली.

"बेशुद्ध माणूस शिंकतो होय?"

"मावशी, कवायत चाललीये. मी जखमी आहे. मला न्यायला माणसं येणार आहेत."

"ती कधीच गेली. खाली चहा पितायत. त्या जावकवाल्याला नेला त्यांनी उचलून, जिनाभर बोंबलत होता. मी पाचव्यावर होते ना, मला वाटलं कुणी गेलंच." मावशींनी फडकं बादलीत पिळलं. "तुम्ही कोण मग?"

"खाली सांगाल का," साहेब म्हणाले, "की सहाव्यावर एक राहिलाय? पण मी सांगितलं असं सांगू नका."

मावशींनी त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं, असल्या माणसांच्या नादी लागू नये हे त्यांना अनुभवाने माहीत असावं, पण त्या खिडकीशी गेल्या आणि अर्ध्या बाहेर झुकून ओरडल्या, "ओ बंबवाले! वर एक राहिलाय हो!"

खालून उंटाचा आवाज आला. आनंदी, पोटात चहा गेलेला. "मावशी, मोजून झाले! सगळे आले!"

मावशी वळल्या. "सगळे आले म्हणतात."

"अजून एकदा सांगा."

"ते मोजून म्हणतायत साहेब. मोजल्यावर कसं राहील कोण?" त्या परत टेबलापाशी आल्या आणि त्यांनी फडक्याच्या दांड्याचं टोक साहेबांपुढे केलं. "धरा. उठा आता. मला टेबल सरकवायचंय."

साहेबांनी दांडा धरला. मावशींनी ओढलं. आधी खांदा बाहेर आला, मग कंबर, मग एक गुडघा, ज्याने वाटेत मोठा आवाज केला. टाचणी शर्टात अडकून सोबत आली. साहेब भिंतीला टेकून उभे राहिले, बधिर हातात मुंग्या भरल्या, खोली एकदा गरकन फिरली, आणि ज्या वाक्याने त्यांना आयुष्यभर छळलं होतं ते त्यांच्याच तोंडून, त्यांना न विचारता, बाहेर पडलं.

"एवढा वेळ काय करत होतात?"

"पाचवा मजला," मावशी म्हणाल्या, आणि टेबल सरकवू लागल्या.

जिन्यावरून उतरताना साहेबांचा डावा हात आपोआप भिंतीला लागला. खाली उतरेपर्यंत काय बोलायचं ते त्यांनी ठरवलं. सगळ्यांना रांगेत उभं करायचं, शांत राहायचं, आणि मग एकच प्रश्न टाकायचा: जखमी कुठे आहे? त्या प्रश्नानंतर पसरणारी शांतता त्यांना तिसऱ्या मजल्यावरच ऐकू येऊ लागली. तळमजल्यावर पाऊल ठेवलं तेव्हा माणसं खरोखरच रांगेत होती, कारण फोटो चालला होता. मधोमध, खांद्यांवरून लाल घोंगडी घेतलेला, एका पायात चप्पल आणि हातात पुष्पगुच्छ असलेला जावक कारकून बसला होता. संताप कुठे दिसत नव्हता. मॅनेजर त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते.

"साहेब!" उंट धावत आला. त्याची मान घामाने चमकत होती. "बघितलंत ना? कुठून बघत होतात?"

"वरून," साहेब म्हणाले.

"पहिल्याच खोलीत सापडला साहेब. डावा हात भिंतीला, उजवा पाय मध्ये, आणि पायाला बाकडंच लागलं. इतका लवकर आजवर कुणीच सापडला नव्हता. आणि अ‍ॅक्टिंग काय केली काकांनी! चावलेसुद्धा." त्याने मनगट पुढे केलं. तिथे दातांचे ठसे होते. उंट त्याच्याकडे मोठ्या कौतुकाने बघत होता. साहेबांना तो पहिल्या दिवशी भरतीला आला होता तेव्हाचा आठवला: शिडीला घाबरायचा, आणि ते कळू नये म्हणून शिडीवर असताना मोठमोठ्याने हसायचा.

तेवढ्यात मॅनेजर पुढे आले. "साहेब, आमचे हे कर्मचारी म्हणतायत, तुम्ही त्यांना गुप्तपणे नेमलं होतं. मला काहीच कल्पना नव्हती. ते म्हणतात, म्हणूनच ते कामाच्या वेळेत तिथे आडवे होते. बरोबर ना?"

जावक कारकुनाने साहेबांकडे पाहिलं. घोंगडीतून नुसता चेहरा दिसत होता, आणि आग लागलेल्या घरांच्या खिडक्यांमध्ये साहेबांनी जे चेहरे पाहिले होते त्यांतला तो एक होता. त्यात काही अ‍ॅक्टिंग नव्हती. खरं बोललं तर हा माणूस जाणार, उंट जाणार, फोटोही जाणार. साहेबांच्या शर्टातली टाचणी बरगडीला टोचत होती. वर सहाव्या मजल्यावर टेबलाखालची जागा आता पुसून लख्ख झाली असेल, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

"बरोबर," साहेब म्हणाले. "मीच नेमलं होतं. चांगलं काम केलं त्यांनी."

कारकुनाचा चेहरा घोंगडीत विरघळला. टाळ्या झाल्या. साहेबांनी उंटाला बाजूला घेतलं. "एक लक्षात ठेव. जखमी सापडला, तरी दुसऱ्या कुणालातरी पाठवून उरलेल्या खोल्या बघून घ्यायच्या. शिकवताना हे शिकवायचं."

"कशाला साहेब?" उंटाने खरोखरच विचारलं. "एकच होता ना?"

"हो," साहेब म्हणाले. "होता एकच."

चहा संपला होता. मोठ्या किटलीच्या तळाशी थोडा होता, तो कुणीतरी त्यांना दिला. गार होता.

घरी पोचले तेव्हा दार उघडंच होतं. आत कपाट सरकवून झालं होतं, आणि खुर्चीच्या जागी कपाट इतकं आरामात उभं होतं की जणू तेच घरचं माणूस. साहेबांनी बूट काढले, आवाज न करता, आणि सवयीने भिंतीला हात लावला.

"अहो, हात धुवून मग भिंतीला लावा," आतून बायको म्हणाली. तिची पाठ होती.

साहेब जागच्या जागी थांबले. "तुला कसं कळलं मी आलो?"

"फिनेलचा वास मारतोय अख्ख्या घरात. कुठे लोळलात?"

"ऑफिसात."

"लोळायच्या वयात राहिलात का आता? शर्ट टाका धुवायला." तिने ओट्यावरून मान वळवली. "आणि खुर्ची तिकडे उजव्या कोपऱ्यात टाकलीये, टेबलामागे. जरा अडचणीची आहे, पण तिथे बसलात की मला इथून दिसता."

साहेब टेबलाला वळसा घालून गेले आणि बसले. खरंच अडचणीची होती. गुडघा टेबलाला लागत होता. त्यांनी शर्टातली टाचणी काढली आणि ती कुठे ठेवावी ते न कळून हातातच धरली. ओट्यापाशी बायको भांडी लावत होती. मध्येच ती मान वर करायची, इकडे बघायची आणि परत खाली घालायची. प्रत्येक वेळी साहेब जरा ताठ बसत होते.

दुसऱ्या दिवशी मामा केंद्रात परत आला. शिवण मजबूत होती, वाळू गच्च भरलेली होती, आणि कुणाच्या लक्षात यायला दुपार झाली, की शिंप्याने फाटका हात टाकून नवा केला होता आणि उजव्या खांद्यालाही डावाच हात शिवला होता.